वक्त्यांच्या वाट्याचा हुरडा

पौष लागला आणि कडूबाईच्या ज्वारीवर समाजसेवा पडली.

तांबेरा पडला असता तर काही वाटलं नसतं. चिकटा पडला असता तर राख उधळली असती, देवाला नारळ बोलला असता, शेजारणीच्या नजरेला नावं ठेवली असती. सेवेवर यातलं काहीच लागू पडत नव्हतं. ती दर जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, शाळा-कचेऱ्यांना सुट्टी म्हणून, उन्हं जरा वर आली की उपरणं सावरत बांधावरून यायची, आगटीभोवती मांडी घालून बसायची आणि उठताना ढेकर द्यायची.

येळवाडी हे गाव तामलवाडीच्या नाक्यापासून कोसभर आत. नाक्यापलीकडं सोलापूरचा इंग्रजी मुलूख, अलीकडं निजामाची मोगलाई. पलीकडं शाळा फार, अलीकडं देवळं फार. गावातल्या पोरांच्या कानावर चार शहाणपणाच्या गोष्टी पडाव्यात म्हणून आण्णासाहेबांनी 'परोपकार सेवा मंडळ' काढलं. आण्णासाहेब गावातले मोठे जमीनदार, म्हणून अध्यक्ष. शांतलिंगआप्पांचं किराणा दुकान, म्हणजे शाई-कागद त्यांच्याकडं, म्हणून ते चिटणीस. मंडळाची कामं दोन. बाहेरगावचे विद्वान आणून त्यांची भाषणं करवायची, हे एक. आणि प्रत्येक सभासदानं गावातला एकेक विद्यार्थी हाताखाली घेऊन त्याला मार्गाला लावायचं, हे दुसरं.

दुसरं काम लगेच सुरू झालं. आण्णासाहेबांच्या हाताखालचा पोरगा त्यांचा छकडा हाकून राज्यकारभार शिकू लागला. आप्पांच्या हाताखालचा दुकान झाडून व्यापार शिकू लागला. अडलं ते पहिलं काम.

सभा घ्यायची तर सरकारची परवानगी लागायची. परवानगीचा अर्ज उर्दूत लिहायचा, तो तालुक्याला जायचा, तिथून जिल्ह्याला जायचा, आणि उत्तर येईपर्यंत वक्त्याचा विषय शिळा व्हायचा, कधीकधी वक्ताही. तेव्हा आप्पांनी डोकं चालवलं.

"हुरडा खायाला परवानगी लागत न्हाय," ते म्हणाले. "अजून तरी."

हुरड्याला पाहुणा बोलवायचा. पाहुणा कणसं चोळता चोळता काही बोलला, तर कुणाच्या तोंडाला काय फडकं बांधता येतं? पोलीस अमीनसाहेबांच्या कानावर ही गोष्ट गेलीच. पण ते रसिक होते, त्यांनाही दर जुम्म्याला पाटीभर हुरडा पोचत होता. त्यांनी मदारसाब नावाचा एक जवान नेमून दिला आणि कायदा सोपा करून टाकला: बसून बोललं तर गप्पा, उभं राहून बोललं तर तकरीर. तकरीर झाली की उचलायचं.

वक्ते बसून बोलू लागले. त्यानं भाषणं लांबली. उभ्या माणसाचे निदान पाय दुखतात.

टाळ्या वाजवल्या तर सभा ठरेल, म्हणून श्रोत्यांनी हात कणसं चोळण्यात गुंतवावेत असंही ठरलं. भाषण रंगलं की हात जोरात चालायचे. भाषण रटाळ निघालं तर दुसरं करण्यासारखं काही नसायचं, म्हणून आणखी जोरात चालायचे. वक्ता कसाही असो, ज्वारी बलभीमची जायची.

बलभीम म्हणजे कडूबाईचा नवरा. आण्णासाहेबांची ज्वारी नजर पोचेल तिथवर होती, पण ती हुरड्याला चिवट असते असं ते स्वतःच सांगत. बलभीमची गुळभेंडी ज्वारी कशी, दाताला लागायच्या आत विरघळायची. शिवाय शेत वाटेवर, विहीर जवळ, चिंचेची सावली. आणि खरी गोष्ट अशी की आण्णासाहेबांनी त्याला चारचौघांत एकदा 'बलभीमराव' म्हटलं होतं. तेव्हापासून तो माणूस उतरणीला लागला.

एका जुम्म्याच्या संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर कडूबाई नवऱ्याला हाताला धरून रानात घेऊन गेली.

"ह्ये बगा. मुंडकं न्हाय ह्येला."

"एका ताटाचं काय घेऊन बसलीस?"

"एका? त्या बोरीपसनं ह्या पाटापतुर समदा कडबा हुबा हाय नुसता. आज कोण आल्तं बोलाया?"

"तुळजापूरचं वैद्यबुवा. मिताहारावर बोललं."

"म्हंजे काय?"

"कमी खावं म्हणून."

कडूबाईनं नुसतं आगटीकडं पाहिलं. आगटीभोवती गुडघाभर भुसा पडला होता.

"सरकारचं लेव्हीवालं धान न्हेत्यात, तर पावती तरी देत्यात," ती म्हणाली. "ह्या सेवेवाल्यांनी काय दिलं आपल्याला?"

"मला मानद सभासद केलंय."

"मानद म्हंजे?"

"मत द्यायचं न्हाय."

"मग काय द्यायचं?"

बलभीम बिनमुंडक्याच्या ताटांकडं पाहत उभा राहिला. बाजूलाच चार बल्ल्यांवर बांधलेल्या उंच माळ्यावरून त्यांची पोरगी तारामती गोफण फिरवत होती. दिवसभर पाखरं हाकलून तिचा आवाज बसला होता, पण चिमण्या काही मिताहारावरचं भाषण ऐकून आल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी कडूबाईनं बाभळीच्या फांद्या तोडल्या. बांधावरची वाट काट्यांनी बुजवायची, मग बघू सेवा कुठून येते, असा तिचा बेत होता. फांद्या ओढताना तिची पोटरी ओरबाडली, लुगडं दोन जागी फाटलं. तेवढ्यात सिद्धलिंग मास्तर वाटेनं आले. गावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकवणारे ते एकटेच. मंडळात ते होते, पण बोलत नसत. बोलणाऱ्यांची सोय आधीच झाली होती.

"वैनी, वाट का बंद करता?"

"तुमचे वक्ते बंद करतेय, मास्तर."

मास्तर म्हणाले, "आणखी एक येऊ द्या. मग करा."

"कोण?"

"सोलापूरच्या प्रेमाबाई. पोरींची शाळा चालवत्यात. मोगलाईतल्या गावातली एक पोरगी दरसाल आपल्या घरी ठेवून घेत्यात, शिकवत्यात, तिची समदी जबाबदारी सोता बघत्यात. पर पोरीशी सोता बोलल्याबिगर घेत न्हाईत. शिफारस चालत न्हाय. मंडळानं त्यास्नी भाषणाला बोलावलंय, संक्रांतीच्या म्होरल्या जुम्म्याला."

"मंग मंडळ कुणाची पोरगी दावणार?"

"पोरीचं कुणी काढलंच न्हाय, वैनी. समदे भाषणाच्या तयारीत हायत."

कडूबाईच्या हातातली फांदी तशीच राहिली. तारामतीनं मास्तरांच्या शाळेत चौथीचं बुक दोनदा वाचलं होतं, कारण पाचवीचं नव्हतं. त्यापुढं मुलं तुळजापूरला जात, मुली सासरी. ढोकीच्या एका घरातून विचारणाही होऊन गेली होती. कडूबाईनं ती ज्वारी निघू द्या म्हणून पुढं ढकलली होती. आता ज्वारी निघायला आली होती.

"आन तवर हुरडा सरला तर?" तिनं विचारलं.

"हुरडा न्हाय तर सभा न्हाय. सभा न्हाय तर बाई कशाला येत्यात?"

मास्तर गेले. कडूबाईनं फांद्या उचलल्या आणि बांधावर न टाकता विहिरीकडं नेल्या.

विहिरीच्या अंगाला एक तुकडा होता. तिथलं बी उगवलं नव्हतं म्हणून मागाहून पेरलेलं. बाकीचं रान कडक व्हायला लागलं होतं, तर हा तुकडा आत्ता कुठं निसवला होता. कणसात दूध धरत होतं. त्याला पाणी मिळालं तर दाणा कोवळा राहील, संक्रांतीपुढं जाईल. कडूबाईनं त्याच्या चारी बाजूंनी काटे लावले आणि रात्री भाकरी वाढताना विषय काढला.

"उद्या मोट जुपा."

"कशाला?"

"त्या तुकड्याला पाणी पायजे."

"येडी का काय? पौषात मोट! बैलं मरतील, म्या मरंन. कुणासाठी?"

तिनं सांगितलं. बलभीमचा घास हातातच राहिला.

"पोरीला सोलापूरला? आन पाखरं कोण राखणार?"

"ते मागनं बघू. आधी पाणी."

"तुज्या मागनं-मागनंमधी माजं म्होरं-म्होरं जातंय," बलभीम पुटपुटला. पण पहाटे बैलं बाहेर काढताना त्याच्या खोकण्याचा आवाज आला.

पौषातली थंडी धावेवर उभी राहते. धाव म्हणजे विहिरीपासूनचा उतार, त्यावरून बैलं खाली उतरली की मोट वर यायची आणि थारोळ्यात धबकन पाणी ओतायची. बलभीम नाड्यावर बसून बैलं हाकायचा, मोट रिकामी झाली की उलट्या पावली मागं घ्यायचा, तोंडानं वाफ निघायची. कडूबाई खाली पाटात दारं धरून पाणी वळवायची. पाणी इतकं गार की घोट्याखालचे पाय दुसऱ्या कुणाचे वाटायचे. टाचांच्या भेगांत चिखल बसायचा. वरून तारामतीचा आवाज यायचा.

त्या आवाजात काहीतरी वेगळं आहे हे कडूबाईला दुसऱ्या दिवशी कळलं. पोरगी नुसतं 'हो हो हो' करत नव्हती. माळ्यावरून, मागं एका जुम्म्याला बोलून गेलेल्या उस्मानाबादच्या वकिलांचा घोगरा आवाज येत होता.

"कायद्याचं अज्ञान! ही सबब! कोर्टात! चालत नाही!"

प्रत्येक तुकड्याला गोफण सुटत होती आणि चिमण्यांचा थवा उठत होता.

"आगं ये भवाने, गप! कुणी ऐकलं म्हंजे?"

"पाखरं ऐकत्यात की, माय. वकिलाला लई भित्यात. वैद्यबुवाला तेवढं भीत न्हाईत."

"का?"

"खाऊ नका म्हटलं की जास्त खात्यात."

कडूबाईला हसू आवरेना, पण तिनं पोरीला दटावलं. हुशार मुलीनं असं काही करायचं नसतं, बाईंपुढं खाली मान घालून बोलायचं, असं बजावलं.

तुकडा रसरसला आणि तो आप्पांच्या नजरेत भरला. त्या जुम्म्याला एक निवृत्त कारकून 'वेळेचे महत्त्व' यावर बोलणार होते. ते दोन प्रहर उशिरा आले, तोवर श्रोत्यांनी शेवटची मऊ कणसं संपवली होती. आप्पा हात मागं बांधून काट्यांपाशी उभे राहिले.

"कडूबाई, ह्यो तुकडा झ्याक हाय की! राखून ठिवला व्हय मंडळासाठी? कुठंय इळा?"

तोंडात आलं ते कडूबाई बोलून गेली.

"त्यो आईचा हाय, आप्पा. तुळजापूरच्या आईला बोललेय. पुनवंपतुर हात लावायचा न्हाय."

आप्पांनी झटकन चप्पल काढली, काट्यांना हात जोडले आणि मागं झाले. एवढं झालं आणि कडूबाईला घाम फुटला. देवीच्या नावानं आपण खोटं बोललो, हे बरं नव्हे. मग तिनं तिथल्या तिथं ते खरं करून टाकलं. 'आई, पैली पाच कणसं तुजी,' ती मनात म्हणाली. 'बाकीची सोलापूरच्या बाईची. तुमी दोगी समजून घ्या.'

संक्रांत झाली. जुम्मा आला. प्रेमाबाई आल्या नाहीत.

कडूबाई आण्णासाहेबांच्या अंगणात जाऊन उभी राहिली. ओट्यावर आण्णासाहेब डोळे मिटून बसले होते आणि त्यांच्या हाताखालचा विद्यार्थी त्यांच्या टाळूवर तेल जिरवत होता. त्या दिवशीचा धडा बहुधा तोच असावा. तिच्याकडं लक्ष जायला बराच वेळ लागला. उन्हात उभ्या उभ्या तिनं अंगणातली दुसरी जागाही शोधली, पण सावली ओट्यावर होती.

"काय गं?"

"सोलापूरच्या बाई यायच्या हुत्या न्हवं, मालक?"

"निरोप आलाय. येणं आठ दिवस लांबलं. का?"

"न्हाय... त्या एक पोरगी न्हेत्यात म्हणं शिकायला. आमची तारामती—"

"आसं व्हय! ते जागेचं बघू पुढं. आधी भाषण होऊ दे. आभाराचा ठराव लिहून तयार हाय." त्यांनी परत डोळे मिटले. मग एक उघडला. "आलीच हैस तर तेवढी तूर पाखडून जा. बायका बसल्यात बग."

कडूबाईनं तूर पाखडली. आपण कशाला आलो होतो आणि काय करतोय, असं दर सुपाला वाटत होतं. पण बोलून उठावं, तर जागेचं पुढंही कुणी बघणार नाही. ती घरी आली तेव्हा केसांत, पापण्यांत फोलपटं होती. बलभीम दारात बसला होता. त्यानं तिच्या डोक्याकडं पाहिलं.

"काय म्हणलं?"

"आठ दिस लांबलं."

"दाणा टणक हुईल तवर."

"व्हय."

ती आत जाऊन चुलीपाशी बसली. पुन्हा पाणी द्या म्हणून आता कुठल्या तोंडानं सांगायचं, नवऱ्याचेही हात नाड्यानं सोलवटले होते. पहाटे जाग आली तर अंथरुणावर बलभीम नव्हता. दूरवर मोटेचं चाक कुरकुरत होतं आणि कुरकुरण्याच्या वरताण तो स्वतःशी बोलत होता. बहुधा आण्णासाहेबांविषयी. त्यात 'राव' नव्हतं.

आणि खरंच पुढल्या जुम्म्याला प्रेमाबाई आल्या.

नाक्यावर त्यांच्या पिशवीची झडती झाली. आत खडू निघाले. खडूवर किती जकात बसते यावर नाक्यावरच्या मंडळींत चर्चा झाली, एकमत होईना, शेवटी एक खडू ठेवून घेऊन बाईंना सोडण्यात आलं. आण्णासाहेबांच्या छकड्यातून त्या उतरल्या: पांढरं लुगडं, पायात जाड चपला, हातात छत्री. चेहऱ्यावर पोरींच्या शाळेत वर्षानुवर्षं गोंगाट ऐकलेल्या बाईची शांतता.

काट्यांचं कुंपण निघालं. कडूबाईनं पहिली पाच कणसं विहिरीच्या काठावर हळदीकुंकू लावून ठेवली, मग बाकीची आगटीत गेली. दाणा अजून कोवळा होता. दुधाचा. तिनं तो चोळून, फुंकून, तीळ-शेंगदाण्याच्या चटणीबरोबर बाईंच्या पुढ्यात ठेवला. बाईंनी खाल्ला आणि डोळे मिटले. सभा सुरू झाली.

आण्णासाहेबांनी बसून बाईंची ओळख करून द्यायला घेतली. बाईंची ओळख करून द्यायची तर स्त्रीशिक्षणाची करून द्यायला हवी, आणि स्त्रीशिक्षणाची करून द्यायची तर ते ऋषींच्या आश्रमापासून निघाले. ते दमले तेव्हा आप्पांनी आण्णासाहेबांची ओळख करून दिली. मग हुरड्यासाठी पुन्हा आलेल्या वैद्यबुवांनी दोघांची. मदारसाब जवान आगटीजवळ बसून, काठी मांडीवर आडवी ठेवून, कुणाचे गुडघे सरळ होतात का यावर लक्ष ठेवून होता आणि कणसं चोळत होता.

कडूबाई एका बाजूला उभी. बाईंशी बोलायचं कसं? मधल्या जागेत सगळं मंडळ मांडी घालून बसलेलं. आण्णासाहेबांनी दुसऱ्यांदा सुरुवात केली, तेव्हा बाईच मागं वळल्या आणि हळूच म्हणाल्या,

"प्यायला पाणी मिळेल का हो?"

"हिरीवर चला," कडूबाई म्हणाली. वास्तविक घागर बाईंच्या शेजारीच होती.

दोघी ज्वारीत शिरल्या. कडूबाईनं विहीर डावीकडं ठेवली आणि बाईंना सरळ माळ्यापाशी नेलं.

"बाई, ही माजी पोरगी. तुमी एक पोरगी न्हेता म्हणं. हिच्याशी बोला. न्हाय पटली तर म्या वर तोंड करून इचारनार न्हाय."

प्रेमाबाईंनी छत्री मिटली. वर पाहिलं. तारामती माळ्यावर गोफण घेऊन बसली होती, डोक्याला फडकं, नाकावर धूळ.

"काय गं, वाचता येतं?"

"व्हय."

"काय वाचलंस?"

"चौथीचं बुक. दोनदा. आन आप्पांच्या दुकानातलं पुडीचं कागद."

"त्यात काय असतं?"

"गोष्टीचा मदला तुकडा आसतोय. आदलं आन म्होरलं म्या करते."

बाईंच्या भुवया जरा वर गेल्या. "शाळेत येऊन काय करशील?"

तारामती गोफणीची दोरी बोटाला गुंडाळू लागली. आईनं खाली मान घालून बोलायला सांगितलं होतं. माळ्यावर बसून खाली मान घातली की ती नेमकी बाईंच्या तोंडावर जाते, तेव्हा काय करावं हे सांगितलं नव्हतं. कडूबाई मनातल्या मनात ओरडत होती, 'बोल की गं, बोल!' पोरीचं तोंड उघडेना.

तेवढ्यात चिमण्यांचा भला मोठा थवा विहिरीच्या तुकड्यावर उतरला. तारामती ताडकन उभी राहिली. सवयच ती. छाती पुढं, पोट त्याच्याही पुढं, एक हात पाठीशी, आणि आण्णासाहेबांचा आवाज.

"सभ्य स्त्री-पुरुषहो! माझ्यासारख्या! सामान्य! सेवकाला!"

गोफण सुटली. थवा उठला. कडूबाईनं कपाळाला हात लावला. बाईंनी शिडी धरली. आधी वाटलं त्यांना भोवळ आली. मग कळलं, त्या हसत होत्या. आवाज न करता, खांदे गदगदत.

"आणखी कोण कोण येतं?" त्यांनी कसंबसं विचारलं.

मग पोरीला धीर आला. वकील आले. वैद्यबुवा आले. निवृत्त कारकून आले, धापा टाकत, उशिराबद्दल दिलगिरी व्यक्त करत. बाई डोळे पुसत होत्या आणि मधूनच विचारत होत्या, ह्या शब्दाचा अर्थ काय, त्याचा काय. तारामती सांगत होती. नसेल माहीत तर म्हणत होती, "ते त्यास्नीबी म्हाईत नसंल. तिथं आवाज बारीक हुतो त्येंचा."

शेवटी पुन्हा आण्णासाहेब झाले. आणि इकडं घोटाळा झाला. खालीही आण्णासाहेब त्याच वाक्यावर आले होते. "या पवित्र कार्यासाठी," असं म्हणून त्यांनी श्वास घेतला, तोच वाऱ्यावरून त्यांचाच आवाज आला: "माझा देह! झिजला! तरी! बेहत्तर!" वाक्य पुरं झालं होतं. ते म्हणायचे त्यापेक्षा बरंच ठसकेबाज.

मंडळाचे हात थांबले. उत्सवमूर्ती जाग्यावर नाहीत हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. मदारसाब काठी सावरत उठला आणि ज्वारीतून धावत माळ्याखाली आला. मागोमाग सगळं मंडळ.

"कौन है वो? खडे रहके तकरीर? अगे पोरी, उतर नीचे! मनाई है, मालूम नै क्या?"

तारामती पांढरी पडली. बाई काही बोलणार, त्याच्या आत कडूबाई शिडीपुढं आडवी झाली.

"तकरीर कुठली, भाऊ? राखण हाय राखण. पाखरं हाकलतीया ती."

"मेरेकू नक्को सिखाओ! ये तो आण्णासाहेबके लब्जां हैं!"

"व्हय की. त्येनंच तर उडत्यात."

मदारसाबनं वर पाहिलं. उठलेला थवा विहिरीला वळसा घालून लांब निघाला होता आणि आण्णासाहेबांच्या रानावर उतरत होता. त्यानं पोरीच्या हातातली गोफण पाहिली. अमीनसाहेबांच्या हुकमात बसणं होतं, उभं राहणं होतं. पाखरांचं काही नव्हतं.

"राखणकू मनाई नै," त्यानं निकाल दिला. आणि थोडं थांबून, "मगर वकीलसाबका आवाज और जरा मोटा है."

आण्णासाहेबांना रागवावं की कसं हे ठरत नव्हतं. प्रेमाबाईंनी ते सोपं केलं.

"आण्णासाहेब, भाषणाचा शेताला इतका उपयोग झालेला मी कुठंच पाहिला नव्हता," त्या गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या.

आण्णासाहेबांनी नम्रपणे मान तुकवली. "मंडळाचं धोरणच तसं हाय."

"ह्या मुलीला मी नेते. माझ्या घरी राहील. नक्कल करणाऱ्याला आधी नीट ऐकावं लागतं. बत्तीस मुली माझ्यासमोर बसतात, त्यांतल्या दोघीही ऐकत नाहीत."

"ठराव घ्यावा लागंल," आप्पा म्हणाले. "आन पोरगी कुणाच्या हाताखालची, ते लिवावं लागंल."

तारामती अचानक सगळ्यांच्या हाताखालची निघाली. पुडीचे कागद आपल्या दुकानातले, असं आप्पा म्हणाले. शब्द तर सगळे आपलेच, असं आण्णासाहेब म्हणाले. वैद्यबुवांनी तिची प्रकृती आपल्याकडं घेतली. मास्तर मागं उभे होते. ते धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसत राहिले.

"थांबा," प्रेमाबाई म्हणाल्या. "बाप कोण आहे हिचा?"

बलभीम पुढं झाला. त्याच्या हाताला आगटीची राख लागली होती. ती कुठं पुसावी हे त्याला कळेना.

"काय हो, पाठवता का मुलीला?"

सगळे त्याच्याकडं बघू लागले. मानद सभासदाला कुणी काही विचारण्याची ती पहिलीच वेळ. बलभीमनं पोरीकडं पाहिलं, ज्वारीकडं पाहिलं.

"बाई, पोरगी हुषार हाय, न्हाय कोण म्हणतंय. हुरड्याचं काय, गेला तर गेला. पर भाकरीची ज्वारी अजून रानात हुबी हाय. काढणीपतुर पाखरं कोण—"

वाक्य तिथंच तुटलं, कारण कडूबाईनं पदर खोचला होता. ती शिडीवर चढत होती. अंगानं भरलेली बाई, शिडी करकरली, माळा एका अंगाला कलला, तारामतीनं घाबरून बल्ली धरली. कडूबाईनं वर पोचून पोरीला बखोटीला धरून शिडीवर सोडलं, "जा खाली, बाईंपाशी," म्हणाली आणि तिच्या हातून गोफण घेतली.

"आगं, तुला जमतंय का?" बलभीम ओरडला.

"बगा की!"

तिनं धोंडा घातला, गोफण डोक्याभोवती गरागरा फिरवली, डोळे गच्च मिटले आणि दोरी सोडली. चिमण्या पुढच्या अंगाला होत्या. धोंडा मागच्या अंगाला गेला. तो सगळ्या मंडळाच्या डोक्यांवरून सणसणत आगटीच्या बरोबर मध्ये बसला. राखेचा लोट उठला, गोवऱ्यांच्या ठिणग्या उडाल्या, भाजलेली कणसं चौफेर उधळली, आणि तिथं ठेवलेला आण्णासाहेबांचा पांढरा फेटा पाहता पाहता करडा झाला.

पाखरं मात्र सगळी उठली होती, आसपासच्या शेतांतली सुद्धा.

बलभीमनं राखेच्या लोटाकडं पाहिलं. माळ्यावर कमरेवर हात देऊन उभ्या बायकोकडं पाहिलं. मग प्रेमाबाईंना हात जोडून म्हणाला,

"घेऊन जावा, बाई. राखणीला माणूस घावलं."

कडूबाईनं माळ्यावरच्या ढिगातून दुसरा धोंडा उचलला. ती तो गोफणीत घालायच्या आत परोपकार सेवा मंडळाची त्या वर्षातली शेवटची सभा, कुणीही कुणाचे आभार न मानता, बांधावरून गावाच्या दिशेनं बरखास्त झाली.